हँगरमधली हळद

कॉलिनच्या हँगरची जमीन पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या पायातल्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आपोआप निघाल्या. दारावर तशी पाटीही होती, पण ती मी नंतर वाचली. विमान ठेवायची जागा म्हणजे ग्रीस, चिंध्या आणि कोपऱ्यात गंजलेले पत्रे, अशी माझी समजूत. इथे पांढरीशुभ्र, गुळगुळीत, रंग दिलेली जमीन होती आणि तिच्यात दोन सीटचं छोटं विमान उलटं दिसत होतं. आमच्याकडची जेवायची ताटंसुद्धा इतकी स्वच्छ नसतात, असं मी भारावून म्हणालो. शेजारी बायको उभी होती. त्याचे परिणाम मी वेगळे भोगले, त्यात आत्ता शिरत नाही.

कॉलिन सत्तरीचा. विमान त्याचं, हँगर त्याचं, आणि माझी मुलगी स्वानंदी त्याची विद्यार्थिनी. ऑकलंडजवळच्या पापाकुऱ्यात आमच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर हे लहानसं विमानतळ आहे. आम्ही या घरात आलो तेव्हा स्वानंदी सहा वर्षांची होती आणि परसात उभी राहून डोक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक विमानाला हात करायची. मला वाटलं, वय आहे, जाईल. ते गेलं नाही. या देशात सोळा वर्षं पूर्ण झाली की विमान एकटीने उडवायची परवानगी मिळते, आणि बरोबर सोळाव्या वाढदिवशी पहिलं एकटीचं उड्डाण करायचं, हे तिने बाराव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. वाढदिवस शनिवारी होता. त्याच्या आधीच्या रविवारी दसरा होता. गोष्ट या दोन दिवसांच्या मधली आहे.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो, की मी ऑकलंडमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचा मॅनेजर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांना सभ्य भाषेत कळवणं हा माझा चरितार्थ. हे वाचताना ध्यानात असू द्या.

तर दसरा. आमच्या घरी दसऱ्याला वाहनाची पूजा होते. पुण्यात स्कूटरची व्हायची, इथे गाडीची होते. माझी आई, वासंतीबाई, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. नात विमान चालवते म्हटल्यावर तिने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पूजा विमानाची करायची," ती म्हणाली. "पोर वर जाणार आहे. गाडी काय, जमिनीवरच असते."

स्वानंदीने कॉलिनला विचारलं. कॉलिन म्हणाला, "शुअर, व्हाय नॉट," आणि तिच्या हातात किल्ली दिली. स्वतः तो मासे पकडायला गेला. पंधरा वर्षांच्या मुलीवर एवढा विश्वास टाकणारा माणूस पाहून मला भरून आलं. स्वानंदीला नाही आलं. तिने आम्हाला गाडीतच अटी सांगितल्या.

"नो अगरबत्ती. नो निरांजन. फ्युएल आहे तिथे, बाबा, आय मीन इट. नो नारळ ऑन द फ्लोअर. आणि आजी, नो स्वस्तिक. कॉलिनचे डॅड वॉरमध्ये पायलट होते."

"मग पूजा कशाची करू? हात जोडून परत येऊ?" आई म्हणाली. पण तिने ऐकलं. ऑकलंडमधल्या सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून बॅटरीवरची निरांजनं आणली. स्वस्तिकाऐवजी विमानाच्या पंखाखाली कमळ काढायचं ठरलं. आता पांढऱ्या जमिनीवर पांढरी रांगोळी दिसणार कशी? म्हणून आईने कमळ हळदीचं काढलं. काय कमळ होतं! आठ पाकळ्या, दोन हात रुंद, अख्खं अर्ध्या किलोचं पाकीट रिकामं झालं. मी प्रॉपेलरला झेंडूचा हार घातला. दुसरा हार उरला होता. तो लावायला जागा शोधताना पंखाच्या खालच्या अंगाला, बरोबर कमळावर, एक छोटीशी खिटी दिसली. देवघराच्या भिंतीवर हार अडकवायला खिळा असतो ना, अगदी तेवढी. मी दोऱ्याचे वेढे दिले आणि घट्ट ओढून बांधलं.

ती खिटी इंधनाच्या टाकीची होती. उडण्याआधी टाकीत पाणी शिरलंय का, ते पाहायला तिच्यातून थोडं इंधन काढतात. ती वर दाबून फिरवली की उघडी राहते. मी बांधताना ती दाबलीही आणि फिरवलीही. पूर्ण उघडली असती तर धार लागली असती आणि तिथेच कळलं असतं. ती किंचित उघडली. आम्ही आरती म्हटली, सोनं वाटलं, दार ओढलं आणि श्रीखंड खायला घरी आलो.

सोमवारी सकाळी कॉलिनचा फोन आला. "रमण," तो म्हणाला, "इट्स नॉट आयडियल."

गोऱ्या लोकांबरोबर दहा वर्षं काम केल्यावर मला एवढं कळतं, की 'नॉट आयडियल' म्हणजे आपल्याकडची सणसणीत कानाखाली. मी ऑफिसात सुट्टी टाकली आणि गेलो. आई आणि स्वानंदी गाडीत आधीच बसलेल्या होत्या.

विमानाचं पेट्रोल निळं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. ओळखायला सोपं जावं म्हणून त्यात रंग घालतात. रात्रभर ते थेंब थेंब हळदीच्या कमळावर पडलं होतं, पसरलं होतं आणि उडून गेलं होतं. मागे राहिला होता आमच्या दिवाणखान्यातल्या सतरंजीएवढा डाग. कडेला निळा, मध्ये पिवळा आणि दोघांच्या मध्ये असा एक हिरवा, की मी क्षणभर सगळं विसरून नुसता बघत राहिलो. मग वर पाहिलं. खिटीला माझा हार लटकत होता. गुन्हेगार कोण, यावर चर्चा करायला वावच नव्हता.

कॉलिनने दारं सताड उघडून हँगरमधला वास घालवला होता. तो ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, की काल इथे काही पेटवलं होतं का. मी नाही म्हणालो आणि बॅटरीच्या निरांजनाकडे बोट दाखवलं. ते अजून लुकलुकत होतं. कॉलिनने ते उचललं, बंद केलं आणि माझ्या हातात ठेवलं. स्वानंदीने अटी घातल्या नसत्या तर खरं तूप आणि खरी वात असती आणि मी आज हे विनोदी म्हणून काही लिहीत बसलो नसतो.

"विमान मी तपासून घेतो," कॉलिन त्याच्या इंग्रजीत म्हणाला. "ते ठीक असेल. प्रश्न जमिनीचा आहे."

"जमिनीचा?"

"ती मी हौस म्हणून पांढरी ठेवत नाही. पांढऱ्यावर थेंब दिसतो. थेंब दिसला की कळतं विमानाचं काहीतरी दुखतंय. या डागावर मला काही दिसणार नाही. ज्या विमानाच्या खालचं मला दिसत नाही, त्यात मी सोळा वर्षांच्या मुलीला एकटीला वर पाठवत नाही."

मी म्हटलं, विमान दुसरीकडे ठेवता येईल. तो म्हणाला, येईल, पण तो तसं करणार नाही. शनिवारपर्यंत जमीन पांढरी झाली तर उड्डाण, नाहीतर पुढे कधीतरी. मागे स्वानंदी शाळेच्या गणवेशात उभी होती. ती फक्त, "इट्स फाइन, बाबा," म्हणाली आणि बाहेर जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. ती फाइन नव्हती, हे तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. डाग माझा होता. मी कॉलिनला सांगितलं, मी काढतो. साफसफाईच्या व्यावसायिक लोकांची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळत होती, त्यामुळे या बाणेदारपणाला तसा पर्यायही नव्हता.

मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी मोघम विचारलं, 'पेट्रोलचा डाग कसा काढावा? मित्राला हवंय.' दहा मिनिटांत तो मित्र मीच आहे हे पापाकुऱ्यापासून सँडरिंगहॅमपर्यंत सगळ्यांना कळलं. मंडळाचे अध्यक्ष सुरेश देवधर यांनी डाळीचं पीठ सुचवलं. तेलकट डोकं निघतं तर जमीन का नाही निघणार, हे त्यांचं शास्त्र. मला पटलं, कारण त्या दिवशी मला काहीही पटत होतं. पाच किलो डाळीचं पीठ पसरलं. त्यावर पाणी शिंपडलं. तासाभरात त्याचं पिठलं झालं आणि दोन तासांत सिमेंट. ते मी खरवडत असताना शेजारच्या हँगरमधला एक गृहस्थ डोकावला आणि कसला छान वास येतोय म्हणाला.

खरवडलेलं पाण्याने धुऊन टाकावं, तर कॉलिनने नळाला हात लावू दिला नाही. बाहेरचं गटार थेट ओढ्याला जातं. त्यात पावसाशिवाय काही सोडायचं असेल तर काउन्सिलला, म्हणजे इथल्या महापालिकेला, विचारा. मी काउन्सिलला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक बाई आल्या. "किया ओरा," हा इथला माओरी नमस्कार त्या इतक्या प्रेमाने म्हणाल्या, की मी त्यांना सगळं सांगितलं. दसरा, कमळ, खिटी, सगळं. त्यांनी मध्येच एकदा, "लव्हली," म्हटलं. मग त्यांच्यापुढे प्रश्न पडला, की हळदीला रसायन म्हणायचं की अन्न. अन्न असेल तर एक खातं, रसायन असेल तर दुसरं. त्यांनी पर्यवेक्षकांना विचारलं. पर्यवेक्षक म्हणाले, आम्ही दुधात घालून पितो, म्हणजे अन्न. पण पेट्रोलमध्ये कालवलेलं अन्न कुठल्याच खात्यात बसेना. शेवटी ठरलं, की गटारात थेंबही जाऊ द्यायचा नाही, सगळं टिपून, डब्यात भरून घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यायचं. सगळं पुसायचं, पण ओतायचं काही नाही. ओणवा होऊन मी हे दोन दिवस केलं. टेस्टिंग मॅनेजर असल्याचा तिथे काडीचा उपयोग नव्हता.

बुधवारी मात्र यश आलं. कॉलिनने दिलेलं तेलकट डाग काढायचं द्रावण लावल्यावर निळा रंग निघाला. पूर्ण निघाला! मी टाळी वाजवली. आणि माझ्या डोळ्यांदेखत उरलेला पिवळा रंग केशरी झाला, मग तांबडा, आणि मग रक्तासारखा लालभडक. एवढ्या मोठ्या पांढऱ्या जमिनीच्या मध्यभागी, मी गुडघ्यांवर, हातात लाल फडकं. बाहेरून जाणारा एक पायलट थबकला, म्हणाला, "यू ऑलराइट, मेट?" आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला.

दाराशी खुर्चीवर बसलेल्या आईने कपाळाला हात लावला. "अरे रमण, हळदीला साबण लावलास? पंच्याला लागलेली हळद साबणाने लाल होते, हे तुला माहीत नाही? इतकी वर्षं तुझे कपडे धुतले ते काय डोळे मिटून पाहत होतास?"

मला माहीत होतं. प्रत्येक मराठी माणसाला माहीत असतं. पण ते ज्ञान पंच्याचं होतं, विमानतळावर ते आठवलं नाही.

मंडळाच्या नीलांबरीताईंनी लिंबू सुचवलं. लिंबू पिळताच लाल डाग झर्रकन पिवळा झाला. मी थक्क झालो. द्रावण लावलं, लाल. लिंबू, पिवळा. लाल. पिवळा. कॉलिन कॉफीचा मग घेऊन येऊन उभा राहिला आणि त्याने मला ते आणखी दोनदा करायला लावलं. असं जन्मात पाहिलं नाही म्हणाला. बुधवार संपेपर्यंत मी त्याचं भरपूर मनोरंजन केलं होतं आणि डाग होता तिथेच होता.

"उन्हात टाक," आई म्हणाली. सोमवारपासून ती हेच म्हणत होती. "हळद उन्हाला टिकत नाही. पंचा वाळत घालतो तशी."

"आई, ही जमीन आहे. जमीन उन्हात कशी टाकू? दोरीवर?"

"ते तू बघ. इंजिनियर तू आहेस."

सोमवारपासून आभाळ भरलेलंच होतं, गुरुवारी दिवसभर पाऊस. मी घासत राहिलो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा स्वानंदी स्वयंपाकघरात पोळी खात होती. न बघता म्हणाली, "बाबा, यू कॅन स्टॉप. आय कॅन डू इट नेक्स्ट मंथ." ही मुलगी माझी समजूत काढत होती. मी अंघोळीला गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

शुक्रवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. हँगरचं दार पूर्वेला आहे. मी पोचलो तेव्हा कॉलिनने ते उघडून बराच वेळ झाला होता आणि सूर्य आत शिरला होता. डागाचा दाराकडचा पट्टा मला फिकट दिसला. मी अभिमानाने आईला म्हणालो, बघ, कालच्या घासण्याला यश आलं. आई खुर्चीवरून उठली, पायातली सपात काढली आणि उन्हातल्या डागावर ठेवली. तासाभराने उचलली. सपातेखाली पिवळीधमक सपात उमटली होती. भोवती जवळजवळ काही नव्हतं.

मी, कॉलिन आणि माझी आई, आम्ही तिघं त्या पिवळ्या सपातेकडे बघत उभे राहिलो. या देशातलं ऊन वाईट, असं आल्या दिवसापासून ऐकत होतो. मुलांना मलम लावल्याशिवाय शाळेत पाठवत नाहीत, माणूस भाजून निघतो. त्या उन्हाला मी दहा वर्षं नावं ठेवली होती. आता मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

पण सूर्य वर चढत होता आणि उन्हाचा पट्टा दाराकडे मागे सरत होता. डागाचा आतला अर्धा भाग सावलीतच होता. आरसा, मी म्हणालो. आईच्या डोक्यात वेगळंच होतं. "मंडळाच्या परातींना फोन कर."

गणपतीच्या महाप्रसादाच्या स्टीलच्या परातींची जबाबदारी सुरेशरावांकडे असते. तासाभरात ते, नीलांबरीताई आणि संपदा, म्हणजे जिने ताटांचं वाक्य अजून विसरलेलं नव्हतं ती माझी बायको, असे तिघं परातींसकट हजर झाले. आम्ही दाराबाहेर उन्हात ओळीने उभे राहिलो आणि परातींनी ऊन आत ढकलू लागलो. पहिल्या पाच मिनिटांत विमानतळाच्या ऑफिसातून कॉलिनला फोन आला, की तुमच्या हँगरमधून कोणीतरी उतरणाऱ्या विमानांच्या डोळ्यांवर प्रकाश मारतंय. कॉलिनने आमच्याकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि फोनवर म्हणाला, "स्टेनलेस स्टील डिशेस. लॉन्ग स्टोरी." मग प्रत्येकाची परात त्याने स्वतः खाली वळवून दिली आणि उरलेली एक स्वतः घेतली.

परातींचं ऊन जमिनीवर पडलं, जमिनीवरून उडून विमानाच्या पोटाखाली गेलं आणि तिथे थरथरत राहिलं. सुरेशरावसुद्धा बोलत नव्हते, यावरून काय ते समजा. हात दुखले की बदलायचे, सूर्य सरकला की परात सरकवायची. पिवळा रंग जाताना दिसत नव्हता, पण मान वळवून परत पाहिलं की तो आणखी कमी झालेला असे. शाळा सुटल्यावर स्वानंदी आली. तिने दप्तर बाहेर ठेवलं, बूट काढले आणि एकेकाकडे पाहिलं. मग आजीच्या हातातली परात घेतली आणि तिच्या जागी उभी राहिली.

संध्याकाळी कॉलिनने बॅटरी लावून जमीन तपासली. ओणवा झाला, गाल टेकवून आडवं पाहिलं. उठून म्हणाला, "स्वीट अ‍ॅझ." म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. चार दिवसांत ते दोन शब्द ऐकायला माझे कान आसुसले होते.

शनिवारी सकाळी कॉलिन आधी स्वानंदीबरोबर वर गेला. दोन फेऱ्या मारून विमान खाली आलं आणि थांबलं. त्याच्या बाजूचं दार उघडलं. तो उतरला, दार लावलं आणि आमच्याकडे चालत आला.

एकटीने म्हणजे एकटीने, हे मला चार वर्षं माहीत होतं. पण शेजारची सीट रिकामी असते हे मी कधी डोळ्यांसमोर आणलंच नव्हतं. आईने माझा दंड धरला. "हा का उतरला? हा का उतरला रे?" विमान वळलं. लहान दिसायला लागलं. धावलं, आणि चाकं जमिनीवरून सुटली. मी तोंड उघडं ठेवून पाहत होतो. मला चुका शोधायची सवय आहे, पण मला एकही दिसत नव्हती. आमच्या परसावरून ते वळलं असणार, कारण तिकडेच वळलं. तिथे कोणी हात करायला नव्हतं, म्हणून मी इथूनच केला. संपदा रडत होती आणि रडत नाहीये असं सांगत होती. मग ते पुन्हा मोठं होत आलं, टेकलं, एकदा किंचित उडालं आणि टेकलं. एवढंच. पाच-सहा मिनिटांचा खेळ.

हँगरपाशी ती उतरली तेव्हा कॉलिन बादली घेऊन तयार होता. पहिल्यांदा एकट्याने उडालेल्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं, ही त्यांची रीत. स्वानंदी किंचाळली, हसली, चिंब झाली. आईला ती रीत इतकी आवडली, की तिने तिथेच ओलेत्या नातीला ओवाळलं. यावेळी खरं निरांजन होतं, बाहेर, गवतावर, कॉलिनला आधी विचारून.

मग स्वानंदी टॉवेल घ्यायला आत गेली. दाराशी बूट काढले आणि ओल्या पायांनी त्या पांढऱ्या जमिनीवरून चालत गेली. केसांतून थेंब पडत होते. मागे पावलं उमटत होती, एक एक, थेट आतपर्यंत. माझ्या हातात मॉप कधी आला मला कळलंच नाही. चार दिवसांची सवय.

"लक्ष्मीची पावलं आहेत, मूर्खा," आई म्हणाली. "पुसतोस काय?"

मी कॉलिनकडे पाहिलं. त्याच्या जमिनीवर इतके थेंब मी प्रथमच पाहत होतो. आईचं मराठी त्याला कळलं नसणार, पण तोही म्हणाला, "लीव्ह इट, मेट." मी मॉप भिंतीला टेकवून ठेवला आणि ऊन दारातून आत येत होतं तिकडे पाहत उभा राहिलो. पावलं वाळायला अजून थोडा वेळ होता.